आता कुणाकडे जायचं?

११ जानेवारी

दादा,

भिंगरी ठरल्या दिवशी येत नाही. बसस्थानकावर ताटकळू नकोस, म्हणून हे आधी लिहिते. खरं तर तू तिथे जाणारच नव्हतास, हे मला काल आईकडून कळलं.

आठ दिवस ठेवून घे, तुझ्या वहिनीला जरा उसंत मिळेल, असं तू म्हणाला होतास. मी ठेवून घेतलं. काल आई फोनवर बोलता बोलता म्हणाली की नाहीतरी तिला आता संस्थेतच न्यायचंय, मग मध्ये तुमच्या घरी उगाच हेलपाटा कशाला. मग एकेक बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी दत्तक घेतलेल्या पोरीचं पालकत्व सोडायचा अर्ज तू बालकल्याण समितीकडे कधीच देऊन मोकळा झालास. सुनावणी एप्रिलमध्ये आहे. तोवर तिला कुठे ठेवायचं एवढाच प्रश्न होता, आणि बहीण सोयीची पडली.

तू फोन उचलत नाहीस. पत्र निदान फोडावं लागतं.

आईशी बोलताना मी 'हं' आणि 'नाही' यापलीकडे काही बोलले नव्हते. दार लोटलेलं होतं. फोन ठेवून बाहेर आले तर भिंगरी उंबऱ्याजवळ बसली होती. पायात बूट, मांडीवर बॅग. बॅग तिने स्वतः भरली होती. कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट. तोंडभर हसली आणि म्हणाली, "आता कुणाकडे जायचं?"

रडत नव्हती. घाबरलेलीही नव्हती. पुढची बस कुठली, असं एखाद्याने विचारावं तसं विचारलं. सहा वर्षांचीसुद्धा नाही ती, दादा.

मी बॅग घेऊन माळ्यावर टाकली. तिला म्हटलं, कुणाकडेही नाही. तिचा विश्वास बसला नाही. बूट घालूनच झोपली.

आता बाळाचं. काय झालं ते मला सगळं माहीत आहे. वहिनी अंघोळीला गेली होती. दारावर पार्सलवाला आला, भिंगरीने दार उघडलं आणि तीन महिन्यांचं बाळ उचलून त्याच्या हातात दिलं. "घ्या," म्हणाली. तो बिचारा एका हातात खोकं, दुसऱ्या हातात तुझा मुलगा घेऊन पुतळ्यासारखा उभा. वहिनीच्या जागी मी असते तर मीही ओल्या केसांनी किंचाळत धावले असते. तिची भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण वहिनी म्हणते तसा तो मत्सर नव्हता. मी भिंगरीला विचारलं, तू बाळ का दिलंस? ती म्हणाली, "ते काका चांगले होते." तुमच्याकडे येईपर्यंत तिला स्वतःला असंच तीन वेळा दारातून कुणाच्या तरी हातात दिलं गेलंय. बाळं अशीच देतात अशी तिची समजूत आहे. तिने तिच्या परीने चांगला माणूस बघून दिलं.

तुम्ही आता तिची समजूत खरी ठरवायला निघाला आहात. माझ्या घरातून ते होणार नाही.

तुझी,
काटेकोर (हे नाव तूच ठेवलंस, आता भोग)


२ फेब्रुवारी

दादा,

माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं, तेही आईच्या तोंडून: "तिचं स्वतःचं लग्न नाही, मूल नाही, तिला काय कळतंय." बरोबर आहे. मला काही कळत नाही. म्हणून ज्यांना कळतं त्यांच्याकडे गेले. हे तुम्हालाही दोन वर्षांत करता आलं असतं.

समुपदेशक बाईंच्या खोलीत खुर्च्या नाहीत. त्या स्वतः जमिनीवर बसतात. भिंगरी आत गेली, त्यांच्या मांडीवर बसली, त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि त्यांना 'आई' म्हणाली. मी म्हटलं, बघा किती लाघवी आहे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला अलगद उचलून माझ्या शेजारी ठेवलं आणि मला म्हणाल्या, "सगळ्यांना आई म्हणणाऱ्या मुलाला आई म्हणजे काय ते माहीत नसतं."

तू फोनवर कौतुकाने सांगायचास की पोरगी कुणाकडेही जाते, जरा म्हणून लाजत नाही. मी प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं तपासते. ज्या काट्यावर काहीही ठेवलं तरी एकच आकडा दिसतो, तो गुणी काटा म्हणून आम्ही शाबासकी देत नाही. तो बंद पडलेला असतो. हे मला रोज दिसतं, आणि तरी माझ्याच घरातलं दिसलं नाही. चार घरं बदललेल्या, पहिल्या घरात दिवसदिवस एकटी कोंडलेल्या मुलीचं हसू हे तिचं हत्यार आहे. हसलं की समोरचा माणूस खायला देतो. एवढंच तिला जगाने शिकवलंय.

बाईंनी काही गोष्टी सांगितल्या. सध्या तिला खायला घालणं, न्हाऊ घालणं, लागलं तर पट्टी बांधणं आणि जवळ घेणं एकाच माणसाने करायचं. बाकीच्यांनी लांबून हात हलवायचा. चुकली तर दुसऱ्या खोलीत पाठवायचं नाही, उलट तिच्याजवळ जाऊन बसायचं. उशीखाली पाव लपवते त्यावर रागवायचं नाही. खाण्याचा डबा तिच्या हाताला लागेल असा ठेवायचा आणि कधी रिकामा होऊ द्यायचा नाही. आणि बाहेर जाताना कधी येणार ते खरं सांगायचं, आणि तेव्हाच यायचं.

हे शेवटचं मी रोज करते. शाळा सुटल्यावर शेजारच्या आजी तिला बघतात; "मी चार वाजता येणार," असं सांगून मी निघते. तिला फरक पडत नाही. मी कधी येणार हे तिने अजून एकदाही विचारलेलं नाही. माणसं परत येतात हा तिच्या अनुभवातला भाग नाही.

माझंही एक चुकलं, तेही सांगून टाकते, नाहीतर आई सांगेल. मी भिंतीवर तक्ता लावला. दात घासले तर चांदणी, दूध संपवलं तर चांदणी. चार दिवसांत तक्ता चांदण्यांनी भरला. मी खूश. पाचव्या दिवशी पाहिलं तर ती चांदणी घेताना अगदी तेच हसत होती, जे पार्सलवाल्याला बघून हसली असेल. मी तिला तेच जुनं काम पगारावर दिलं होतं. तक्ता फाडला.

आई येऊन गेली. बाहुली आणली, स्वतः भरवायला बसली. मी अडवलं. आई म्हणाली, "तू ह्याच हातांनी खाऊन घोड्याएवढी झालीस. आता त्यांना विष लागलंय का?" मी नियम सांगितला. ती म्हणाली पोरं वाढवायला नियम लागत नाहीत, माया लागते. मी म्हटलं, माया आहे, पण सध्या ती एकाच खिडकीवर मिळेल. आई तशीच निघाली. जिन्यात थांबून तिने भिंगरीला लांबून हात मात्र हलवला. मला नाही.

तर आई तुझ्या बाजूला आहे. तू खूश असशील.

काटेकोर


५ मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला होता. चांगलं बोलली. शेवटी म्हणाली, "आमच्याकडे निदान हसायची तरी. तुम्ही तिचं काय करून ठेवलंय?" तिच्या कानावर काय काय आलंय ते कळलं, तेव्हा सगळं मीच सांगते. मिरचीमसाला लावायची गरज पडणार नाही.

भिंगरी आता चावते. मला, फक्त मला. माझ्या दंडावर दातांचे ठसे आहेत. प्रयोगशाळेत साहेबांनी विचारलं, कुत्रं पाळलंय का. सकाळी मी निघाले की दाराला पाठ लावून उभी राहते. शाळेच्या फाटकाशी माझा हात सोडत नाही. वर्गाच्या बाईंनी तक्रार केली की आधी किती गोड मुलगी होती, कुणाच्याही शेजारी बसायची. मागच्या आठवड्यात तिने माझी इस्त्री खिडकीतून खाली टाकली. खाली कुणी नव्हतं. हो, असू शकलं असतं. आता खिडकीला जाळी आहे.

मला घाम फुटत नाही असं समजू नकोस. मी समुपदेशक बाईंना विचारलं की हे बिघडतंय का. त्या म्हणाल्या, "आतापर्यंत ती तुमच्याकडे पाहुणी होती. पाहुणे इस्त्री फेकत नाहीत."

तुम्ही तिला दोन वर्षं पाहुणी म्हणून सांभाळलं, आणि पाहुणी शहाणी होती म्हणून ते चाललं.

समितीची अधिकारी बाई घर बघायला आली. नेमकी त्या दिवशी भिंगरी टेबलाखाली शिरली आणि बाहेर येईना. तिने चॉकलेट पुढे केलं. एरवी ही पोर चॉकलेटसाठी रस्त्यावरच्या माणसाबरोबर निघून गेली असती, तुझ्याच गल्लीत एकदा गेली होती. या वेळी तिने चॉकलेट घेतलं नाही. माझ्या पायाला धरून बसली. अधिकारी बाईने काय नोंद केली ते मला वाचून दाखवलं: मूल आधीच्या घरी आनंदी होते, सध्या भेदरलेले दिसते. मी तिला काट्याचं उदाहरण दिलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

मग मी चहा तसाच ठेवून टेबलाखाली गेले आणि भिंगरीच्या शेजारी बसले. हे मला कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. वकिलाला भेटले. सुनावणीत तुझा अर्ज मंजूर झाला की ती कागदावर कुणाचीच राहणार नाही. मग ती संस्थेत जाईल आणि तिथून नव्याने रांग. मी अर्ज करू शकते, पण एकटी बाई, भाड्याचं घर, रांगेत शेवटचा नंबर. तोवर तिचं सहावं किंवा सातवं घर झालेलं असेल. वकिलाने विचारलं, तुमचं मुलीशी नातं काय? मी म्हटलं, आत्या. तो म्हणाला, "भाऊ बाप असेल तोवर."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मावशी असते तर निदान वहिनीला पटवता आलं असतं. आत्या ही बापावरून येते. तू तिचा बाप राहिला नाहीस, तर मी तिची कुणी नाही. तुझ्या एका सहीने आम्ही दोघी एकमेकींना परक्या होतो.

म्हणून मागणं एकच आहे. अर्ज मागे घे. बाप राहा, नावापुरता का होईना. ती माझ्याकडे राहील, तुमच्या बाळाला तिच्यापासून काही धोका नाही, खर्चाचा विषयही काढू नकोस. तू दिवसभर लोकांना विमा विकतोस, काय होईल सांगता येत नाही म्हणून त्यांना घाबरवतोस. स्वतःवर वेळ आली तेव्हा आधी पळालास.

ही विनंती नाही, तिला विनंतीसारखं वाचू नकोस. अर्ज मागे घेतला नाहीस तर मी समितीसमोर तुझ्या विरुद्ध उभी राहीन, आई तिथे बसलेली असली तरी.

साहेबांनी देऊ केलेली बदली आणि बढती मी का नाकारली, हे आई तुला रंगवून सांगेल. त्याचा इथे संबंध नाही.

काटेकोर


२६ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. एक घटना कळवायची आहे, ती वकिलालाही कळवली आहे.

तुमच्या जिन्यावरून भिंगरी गडगडत खाली आली होती, आठवतंय? कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. ती उठली, हसली आणि खाली उभ्या असलेल्या अनोळखी पाहुणीच्या कडेवर गेली. तू मला लगेच फोन करून सांगितलंस, "रडली नाही गं, वाघीण आहे." मीही वा वा केलं होतं.

शनिवारी आम्ही मैदानावर गेलो होतो. मी लांब बाकावर होते, कारण आता तिला मी दिसले की पुरतं, चिकटून राहावं लागत नाही. ती घसरगुंडीवरून उलटी आली आणि हनुवटीवर आपटली. मला ते तिथून दिसलं. रक्तही दिसलं. तिच्या अगदी जवळ एक बाई उभी होती, चांगली आईसारखी बाई, रुमाल वगैरे घेऊन. ती भिंगरीला उचलायला वाकली.

भिंगरीने तिचा हात झटकला. आणि ती धावत सुटली. सगळं मैदान ओलांडून, झोपाळ्याखालून, दोन मुलांना ढकलून, माझ्याकडे. येऊन माझ्या पोटात डोकं खुपसलं आणि रडली. तिला रडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. तुम्हीही ऐकलेलं नाही. आवाज मोठा आणि बेसूर आहे, सवय नसल्यासारखा. लोक वळून बघत होते. बघू देत.

दवाखान्यात दोन टाके पडले. टाके घालताना ती माझ्या दंडाला चावली, जुन्याच जागी. डॉक्टर नर्सला म्हणाले, बाईंनाही जरा पाणी द्या. उगाच. मला काही झालं नव्हतं.

तेव्हा समितीसमोर मी हे सांगणार आहे: तुमच्या घरी ती पडली की हसायची, माझ्या घरी रडते. अधिकारी बाईला त्यातलं कुठलं चांगलं वाटतं ते तिने ठरवावं. मी ठरवलं आहे.

शर्टावरचा डाग निघत नाही. प्रयोगशाळेत तोच घालून जाते.

काटेकोर


१८ एप्रिल

दादा,

आभार मानायला लिहीत नाही. जे तू करायलाच हवं होतंस ते तीन महिने उशिरा केलंस, त्याला आभार कसले.

पण काल सुनावणी संपल्यावर तू जिना उतरून इतका भराभर निघून गेलास की काही गोष्टी बोलायच्या राहिल्या.

पहिली गोष्ट. तू आत आलास तेव्हा तुला वाटलं होतं ती 'बाबा' करून धावत येईल. तुझे हात थोडे पुढे झालेले मी पाहिले. ती आली नाही. माझ्या गुडघ्याला टेकून तुझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग तिने मान फिरवली. तुझा चेहरा उतरला. वहिनी तुझ्या कानात काहीतरी म्हणाली. मी तिला शिकवून आणलं असं तुम्हाला वाटलं असेल, तर शपथ घेऊन सांगते, मी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की आज दादा दिसेल आणि आपण दोघी जेवायला घरी येऊ.

ती रुसली होती रे. परक्यावर कुणी रुसत नाही. दोन वर्षं ती तुझ्याकडे धावत यायची, तशी ती पार्सलवाल्याकडेही धावली. काल ती पहिल्यांदा तुझ्याशी तू कोण आहेस हे धरून वागली. तुझ्यावर तिचा राग आहे, आणि तो तू कमावलेला आहेस. तो मी काढून टाकणार नाही.

दुसरी गोष्ट. समितीतल्या मधल्या चष्मेवाल्या बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही कोण?" भिंगरी म्हणाली, "आत्या."

"कुणाची?"

"माझी."

मग त्यांनी तुझ्याकडे बोट केलं. "आणि हे कोण?" तिने आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता 'बाबा' म्हणाली तरी खोटं, 'कुणी नाही' म्हणाली तर सगळंच संपलं. ती म्हणाली, "आत्याचा दादा."

खोलीत कुणीतरी हसलं. तू हसला नाहीस. मीही नाही. तीन महिने मी तुला पत्रांतून बजावत होते की मी तुझ्यामुळे तिची आत्या आहे, धागा तुझ्या हातात आहे. तिने तो दुसऱ्या टोकाने धरला. तिच्या लेखी आधी मी आहे. तू आहेस तो माझ्यावरून.

तू चष्मा पुसलास. बराच वेळ पुसलास, तो स्वच्छच होता. मग उभा राहून म्हणालास, "अर्ज मागे घेतो. ती बहिणीकडे राहील." वहिनीने तुझ्याकडे बघितलं नाही. तिच्यावर मी चिडलेली नाही, हे तिला सांग. बाळाच्या दाराला कडी उंच लावून घ्या, हेही सांग. लेखी द्या म्हणाले तेव्हा तुझं पेन चालेना. विमा विकणारा माणूस, आणि खिशात न चालणारं पेन. माझं दिलं, ते तू घेऊन गेलास.

तिसरी गोष्ट. आई दवाखान्यात होती त्या वर्षी मी टेबलाखाली जाऊन बसायचे आणि कुणाशी बोलायचे नाही. मोठी माणसं खाली वाकून खाऊ दाखवायची. तू शाळेतून यायचास, दप्तर टाकायचास आणि टेबलाखाली येऊन बसायचास. काही विचारायचा नाहीस. तुझे गुडघे मावायचे नाहीत. समुपदेशक बाई जे सांगतात त्यातलं अर्धं तुला अकराव्या वर्षी येत होतं. म्हणून तुझ्यावर इतकी चिडले. ज्याला हे येतच नाही अशा माणसावर मी वेळ घालवत नाही.

भिंगरीची बॅग मी माळ्यावरून काढली. त्यात आता माझी हत्यारं असतात, रोज कामावर नेते. तिने बॅगेत डोकावून ती हत्यारं बघितली. रात्री बूट दाराशी काढून ठेवले. बॅग परत मागू नकोस.

आज सकाळी मी निघताना नेहमीसारखं म्हटलं, मी चार वाजता येणार. तिने मान हलवली. मग दारात आडवी उभी राहून, कपाळाला आठ्या घालून विचारलं, "आणि तो कधी येणार?"

"कोण?"

"तुझा दादा."

मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारते आहे. दिवस आणि वेळ लिहून कळव. ती तुझ्याकडे येणार नाही, तुझ्याशी बोलणार नाही, बहुतेक काहीतरी फेकून मारेल. टेबल मोठं आहे, तुझे गुडघे आता मावतील. पण जमणार नसेल तर 'येतो' असं लिहू नकोस. आमच्या घरात सांगितलेल्या वेळेला माणूस येतो. तिला ते आता कळायला लागलंय, आणि ते मी तुझ्यापायीही मोडू देणार नाही.

येताना माझं पेन आण.

काटेकोर